आत्या येते म्हणाली

"मी येते," आत्या फोनवर म्हणाली, तेव्हा त्याच्या चिमट्यात कुणातरी अनोळखी बाईचा वरचा पुढचा दात होता.

दुपारी लॅबमधले सगळे जेवायला गेले की त्याला काम सुचायचं. समोर प्लास्टरचा जबडा, त्यावर गुलाबी मेणाची कमान, शेजारी स्पिरिटचा दिवा. तापल्या सुरीनं मेण जरासं हळवं करायचं, दात टेकवायचा, मान मागे नेऊन बघायचं, पुन्हा केसभर हलवायचं. इतकी वर्षं तो लोकांना दात बसवून देत होता आणि ते लोक त्याला कधी दिसत नव्हते. डॉक्टरांकडून साचे यायचे, डॉक्टरांकडे कवळ्या जायच्या. फोन त्यानं मान वाकडी करून खांद्याशी दाबून धरला होता. "येते म्हणजे?" त्यानं विचारलं. "येते म्हणजे येते. रविवारी. तुमच्याबरोबर." "अगं पण आत्या, होडी आहे." "तूच म्हणालास की होडी आहे. मी काय बहिरी आहे?" "तसं नव्हे. तुला पाणी..." "पाणी काय मला खातंय?" असं म्हणून ती हसली, आणि हसताना तिची खालची कवळी उचलली जाऊन पुन्हा हिरडीवर आपटली. तो खट् आवाज त्याला फोनमधूनही स्वच्छ ऐकू आला. ती कवळी त्यानंच करून दिली होती. "वा," तो म्हणाला. "छानच झालं." फोन ठेवून त्यानं बघितलं तर दात तिरका बसला होता, मेण गार झालं होतं, आणि ती अनोळखी बाई त्याच्याकडे बघून वाकडं हसत होती.

त्यानं आत्याला नको म्हटलं नव्हतं. हे तो त्या दिवसापासून स्वतःला सांगत होता, आणि ते खरंही होतं. नको तर म्हटलं नव्हतंच, उलट हळहळ दाखवली होती. "होडी आहे म्हणून गं, नाहीतर तुझ्याशिवाय आम्ही गेलो असतो का?" हे वाक्य बोलण्याआधी त्यानं ते मनात इतक्या वेळा घोळवलं होतं की प्रत्यक्ष बोलताना ते अगदी मायेनं आलं. बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच भरून आल्यासारखं झालं होतं. खोटं बोलताना माणसाचा आवाज इतका चांगला कसा लागतो, असं त्या क्षणी त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्यानं ते झटकून टाकलं. खोटं काय होतं त्यात? होडी होतीच. आत्या पाण्याला भ्यायची हेही होतंच. ती बादलीत लोटा बुडवतानासुद्धा तोंड दुसरीकडे करायची. तळ्याकाठच्या रस्त्यानं जायचं झालं तर पलीकडच्या बाजूनं, भिंतीला घासत चालायची आणि त्याचा हात इतका घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची. पन्नाशी उलटली तरी त्याला पोहता येत नव्हतं ते तिच्यामुळेच. तेव्हा होडीचं नाव काढलं की ती आपणहून नाही म्हणेल, कुणाचंच मन दुखावणार नाही, कुणाला काही बोलावं लागणार नाही. इतकं सोपं होतं. आणि ती येते म्हणाली.

मुळात सहलीचं काढलं विहीणबाईंनी. लेकीचं लग्न ठरलं होतं, दोन्ही घरांची एकमेकांशी धड ओळख व्हावी म्हणून एक दिवस सगळ्यांनी मिळून कुठंतरी जाऊ या, असं त्या म्हणाल्या. त्या कॉलेजात शिकवायच्या. हळू, पूर्ण वाक्यांत बोलायच्या, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही क्षणभर थांबायच्या, न जाणो त्याचं काही राहिलं असलं तर. त्या थांबण्याची त्याला धास्ती वाटायची. "खाडीपलीकडच्या जुन्या शहरात जाऊ," तो एकदम बोलून गेला होता. "होडीनं." सगळ्यांना कल्पना आवडली. तटबंदी, पाण्याकडचा दरवाजा, घंटेचा मनोरा, सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं, प्रत्यक्ष कुणी गेलेलं नाही. आपल्या दारातलं बघायचं राहूनच जातं, असं व्याही म्हणाले. आपल्याला हे किती सहज सुचलं, याचं त्याला त्या वेळी कौतुक वाटलं होतं. सहज काही सुचलं नव्हतं. खाडीवर पूल होऊन कितीतरी वर्षं झाली होती. पुलावरून बस जायची, होडीच्या निम्म्या वेळात पोचवायची. होडीनं आता फक्त हौशी माणसं जात. शहर सुचण्याच्या आधी त्याला होडी सुचली होती, हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

आणि होडी सुचण्याच्या आधी ते जेवण. व्याह्यांच्या घरचं पहिलं जेवण. त्या घरात एका वेळी एकच माणूस बोलायचा. पांढऱ्या घडीचे रुमाल, उंच पेले, भिंतीवर एकच चित्र. आत्या ठेवणीतले कपडे घालून आली होती आणि आल्या आल्या तिनं विहीणबाईंना विचारलं होतं, "केस खरे की रंगवलेले?" मग जेवण सुरू झालं तशी तिनं तोंडाशी हात नेला, खालची कवळी काढली आणि ताटाच्या शेजारी, त्या पांढऱ्या रुमालावर ठेवली. "ह्या ढब्यानं केलीय," ती व्याह्यांना म्हणाली. "माझ्या भाच्यानं. दिसायला झकास, खायला कुचकामी." दिव्याच्या उजेडात ती कवळी गुलाबी, ओली, उघडीवाघडी पडली होती. त्याला आपलं काम ओळखू आलं. दातांची ओळ सुरेख होती. पण आत्याची खालची हिरडी झिजून सपाट झालेली, तिच्यावर कवळी टिकायची तर बैठक नव्यानं भरायला हवी होती; एका दुपारचं काम. "पुढच्या आठवड्यात बघतो," असं तो किती दिवस म्हणत आला होता. परक्यांच्या कवळ्या दिलेल्या तारखेला जात आणि आत्याची राहून जाई. विहीणबाई कवळीकडे बघून हसल्या होत्या. कसलं हसू होतं ते त्याला कळलं नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टीचा त्यानं वाईट तोच अर्थ घेतला होता. आत्याला तिच्या खोलीवर सोडून घरी परतताना बायको टॅक्सीत म्हणाली, "पुढच्या वेळी..." आणि गप्प झाली. तो म्हणाला, "हं." बास, एवढंच. नवराबायकोत एवढ्यात केवढं ठरतं! त्यावर दोघांनी पुन्हा शब्द काढला नव्हता.

निदान शहर तरी दुसरं निवडायचं. हे त्याला फोननंतर चार दिवसांनी, एका जबड्याला पॉलिश करताना सुचलं, आणि चाकाखालून कवळी निसटता निसटता राहिली. आई गेली तेव्हा तो जेमतेम शाळेत जाऊ लागला होता. वडील लांब कामाला. पैसे पाठवायचे आणि वर्षातून एकदा पाहुण्यासारखे यायचे. आत्यानं त्याला आपल्या एका खोलीत आणलं. ती शाळेत चौथीला इतिहास शिकवायची, आणि त्याला सांभाळायला कुणी नसलं की स्वतःच्या वर्गात मागच्या बाकावर बसवायची. त्या शहराचा धडा त्यानं चौथीत जायच्या आधीच कितीदा ऐकला असेल. खडूनं ती फळ्यावर तट काढायची, मग तटात दरवाजा, दरवाज्यातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या. "व्यापारी पायऱ्या उतरायचे आणि थेट होडीत पाय ठेवायचे," असं सांगताना होडी या शब्दाशी तिचा आवाज जरासा खाली यायचा. मनोरा काढताना ती टाचा उंचवायची. सबंध नोकरीभर तिनं मुलांना ते शहर दाखवलं आणि स्वतः गेली नाही, कारण तेव्हा पूल नव्हता. तिला वगळायचं म्हणून आपण तिचंच शहर निवडलं. कुणी विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की हे आपल्या ध्यानातच आलं नाही. पण विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे शपथ घ्यायचीही सोय नव्हती.

तिची कवळी तरी नीट करून द्यावी, म्हणून त्या संध्याकाळी तो तिच्या खोलीवर गेला. दाराला कुलूप. शेजारीण दारात भाजी निवडत बसली होती. "तळ्यावर गेल्यात," ती म्हणाली. "कुठं?" "बागेतल्या तळ्यावर. रोज जातात हल्ली. तुम्हाला ठाऊक नाही?" त्या 'ठाऊक नाही?' मध्ये काही टोमणा होता की काय, याचा विचार करतच तो बागेत पोचला. तळं म्हणजे कमरेएवढं हिरवं पाणी, त्यात बदकाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या. पोरं किंचाळत होती, जोडपी गोल गोल फिरत होती. आत्या काठाशीच एका बदकात बसली होती. बदक हलत नव्हतं; दोरखंडानं खुंटाला बांधलेलं होतं. ती एकटी, मधोमध, पाय जुळवून. डोळे घट्ट मिटलेले. एका हातानं बदकाची मान पकडलेली, दुसऱ्या हाताच्या मुठीत काहीतरी. जरा जवळ जाऊन त्यानं बघितलं तर मुठीत कवळी होती. पाण्यात पडेल म्हणून काढून धरलेली. तिचा खालचा ओठ आत गेला होता आणि चेहरा एकदम फार म्हातारा दिसत होता. शेजारून एक होडी गेली, लाट आली, बदक जरा डुललं, आणि आत्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला. होडीवाला काठावरून म्हणाला, "काही नाही आजी, काही नाही. दोर आहे ना." ती डोळे न उघडता म्हणाली, "आहे ना? सोडू नको हं." "नाही सोडत." इकडे तो फुगेवाल्याच्या गाडीआड उभा होता. हाक मारायला तोंड उघडलं होतं त्यानं. पण हाक मारली असती तर तिनं डोळे उघडले असते, आणि मग तिच्याकडे बघायला लागलं असतं. तो फुगेवाल्याकडून फुगा घेतल्यासारखं करून, न घेताच, मागल्या फाटकानं बाहेर पडला. रात्री त्यानं फोन केला. "संध्याकाळी आलो होतो. नव्हतीस." "बाजारात गेले होते," आत्या म्हणाली. तीही चांगलं खोटं बोलत होती.

"मग बसनं जाऊ या," बायको म्हणाली. ती इस्त्री करत होती आणि त्याच्याकडे तिची पाठ होती. सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली. "बसनं काय! तिला काय सांगू? काल नव्हती, आज सुरू झाली?" "पूल काही काल बांधलेला नाही." "तेच तर म्हणतोय मी." "माझ्यावर कशाला ओरडतोस? होडी मी नाही काढली." "तू टॅक्सीत म्हणालीस, पुढच्या वेळी." बायकोनं इस्त्री उभी ठेवली आणि वळली. "पुढच्या वेळी त्यांची कवळी नीट करून दे, असं म्हणणार होते मी," ती म्हणाली. "पण तुझा चेहरा बघून गप्प बसले." हे खरं होतं की तिला आत्ता सुचलं होतं, ते त्याला कळेना. तिचंही तिला कळत नसावं, कारण इस्त्रीकडे वळताना ती जरा अडखळली. त्या रात्री पाठीला पाठ लावून दोघं झोपली आणि दोघांनाही दुसऱ्याला झोप लागलेली नाही हे ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सुटी टाकून तो आत्याकडे गेला. सांगूनच टाकायचं, असं ठरवून. आत्या, बस जाते. आपण बसनं जाऊ. मला सुचलंच नाही बघ. 'सुचलंच नाही' एवढाच खोटेपणा त्यानं शिल्लक ठेवला होता. त्याच्याशिवाय बाकीचं सत्य उभं राहीना. आत्यानं दार उघडलं ते पायांत रबरी तळव्यांचे नवे कोरे कापडी बूट घालून. "बघ," ती म्हणाली आणि गुळगुळीत फरशीवर करकर वाजवत चालून दाखवलं. "घसरत नाहीत. दुकानदाराला म्हटलं, खलाशी घालतात तसले दे." खोलीत तोच पलंग, तीच खिडकी, तोच स्टोव्ह. तिनं चहा टाकला. तो सुरुवात करायला घसा खाकरतो आहे तोच ती पाठमोरी म्हणाली, "तू माझ्यासाठी ठरवलंस ना हे? मला कळलं रे." "लेकीचं लग्न, नवी सोयरीक, आणि जायचं कुठं तर तिथं! दुसऱ्या कुणाला सुचेल? मी मनात म्हटलं, मागच्या बाकावर झोपा काढायचा, पण कान उघडे होते पोराचे." पाणी उकळायला लागलं. त्यात पत्ती टाकून अगदी सहज, चमचा शोधता शोधता तिनं विचारलं, "होडीशिवाय दुसरा रस्ता नाही ना रे आता?"

तो क्षण त्याला पुढे कितीतरी दिवस पुरला. खिडकीतून कुणीतरी गालिचा झटकल्याचा आवाज येत होता. आत्याची पाठ, तिचे विरळ केस, मानेवरचा तो खड्डा, लहानपणी तिच्या कडेवर बसून ज्यात तो बोट घालायचा. आहे, एवढं म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम. पण आहे म्हटलं तर ते बूट, ते बदक, ते मिटलेले डोळे, ते सगळं फुकट गेलं असतं, आणि 'माझ्यासाठी ठरवलंस' हेही गेलं असतं. आणि त्यानंतर ती वळून त्याच्याकडे बघणार होती. तिच्यासाठीच आपण गप्प बसतो आहोत असं त्याला अगदी मनापासून वाटलं. "नाही," तो म्हणाला. आत्तापर्यंत त्यानं फक्त सांगितलं नव्हतं. आता त्यानं सांगितलं. आत्या म्हणाली, "हं. मग काय इलाज," आणि त्याच्या कपात दोन चमचे साखर जास्त घातली. कवळीचं तो पार विसरला. जिना उतरल्यावर आठवलं; पुन्हा वर जायचं धैर्य झालं नाही.

रविवारी धक्क्यावर सगळे वेळेत जमले. व्याही गळ्यात दुर्बीण अडकवून, विहीणबाई रुंद काठाची टोपी घालून, जावई आणि लेक एकमेकांच्या पिशव्या एकमेकांना देत-घेत. होडी म्हणजे तशी मोटारबोट, बाकांच्या रांगा असलेली, पण धक्का आणि बोट यांच्यामधल्या फळीखाली पाणी हलताना दिसत होतं. आत्या फळीपाशी थांबली. मागे रांग थांबली. तिनं त्याचं मनगट पकडलं, ते लहानपणच्या त्याच ताकदीनं, आणि फळीवरून ती जवळजवळ धावतच आत गेली. मधल्या बाकावर, मधोमध बसली. बोट सुटायच्या आधी तिनं कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबली. "ठेव. पडायची." त्यापुढे ती बोलली नाही. सगळ्या प्रवासात एक अक्षर नाही. बोट वरखाली व्हायला लागली तशी तिची नखं त्याच्या मनगटात रुतत गेली. व्याही दुर्बिणीतून पक्षी दाखवत होते, लेक फोटो काढत होती. तिनं आत्याचा फोटो काढायला फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. खिशातल्या कवळीची ओल त्याच्या छातीला लागत होती. "किती शांत आहेत हो तुमच्या आत्या," विहीणबाई त्याच्याकडे वाकून हळूच म्हणाल्या. "त्या दिवशी किती बोलत होत्या. बऱ्या आहेत ना?" हेच तर त्याला हवं होतं. न बोलणारी, कुणाला काही न विचारणारी, चारचौघांत नेता येईल अशी आत्या. तो म्हणाला, "बरी आहे." मनगट हुळहुळत होतं ते एका अर्थी बरं वाटत होतं. आणखी रुतवावीत तिनं नखं, असं वाटत होतं.

जुन्या शहराच्या धक्क्यावर उतरलं की समोरच पाण्याकडचा दरवाजा दिसतो. फळ्यावरच्या चित्रापेक्षा तो लहान होता, आणि पायऱ्यांवर शेवाळ. आत्या जमिनीवर दोन्ही पाय टेकून उभी राहिली आणि तिनं लांब श्वास घेतला. मग तिनं वर बघितलं. दरवाज्याकडे नाही, दरवाज्याच्या डावीकडे, जिथं बसथांबा होता. तिथं एक रिकामी बस उभी होती आणि तिच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत त्यांच्याच शहराचं नाव होतं. जन्मभर शिकवत आलेल्या बाईची सवय, दिसेल ती पाटी ती ओठ हलवून वाचायची. तिचे ओठ हलले. मग ते थांबले. ती त्याच्याकडे वळली तेव्हा त्याला वाटलं, आता. पण तिनं नुसता हात पुढे केला. "दात दे," ती म्हणाली.

दिवसभर ती सगळ्यांबरोबर चालली. वाटाड्या तटाची माहिती सांगत होता, मनोऱ्याची गोष्ट सांगत होता. चुकीची सांगत असावा, कारण एकदोनदा आत्यानं मान हलवली, पण ती बोलली नाही. लेकीनं विचारलं, "आत्याआजी, तू हेच शिकवायचीस ना?" तर म्हणाली, "विसरले गं आता." कापडी बूट दगडांवर आवाज करत नव्हते. तो तिच्या मागे मागे होता आणि त्याचं कशातच लक्ष नव्हतं. पाटी तिनं आज पहिल्यांदा वाचली की तिला आधीच ठाऊक होतं? वर्तमानपत्र ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. पूल झाल्याचं तिनं वाचलं नसेल? मग त्या दिवशी पाठमोरी उभी राहून, चमचा शोधत तिनं विचारलं ते काय होतं? तिनं त्याला दार उघडून दिलं होतं का? आणि त्यानं ते बाहेरून लावून घेतलं? की यातलं काहीच नव्हतं, ती केवळ दमली होती, बोट लागली होती, आणि पाटी म्हणजे तिला नुसती पाटी होती? मनोऱ्याच्या सावलीत सगळे पाणी पिण्यासाठी थांबले तेव्हा तो तिच्याजवळ जाऊन बसला. "आत्या," तो म्हणाला, "परत जाताना... इथून बस पण आहे म्हणे." "असेल." "आपण दोघं बसनं जाऊ या का? तुला त्रास झाला येताना." आत्या मनोऱ्याकडे बघत होती. "आणि ह्या लोकांना काय सांगशील?" तिनं विचारलं. रागानं नाही. तो लहानपणी गृहपाठ न करता निजायला निघाला की ती विचारायची तसं. उत्तर हवं असल्यासारखं. तिनं गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली. "होडीनंच जाऊ. इतके दिवस खपून शिकले ते काय फुकट?"

परतीच्या बोटीत ती त्याच्याजवळ बसली नाही. कडेच्या बाकावर, पाण्याच्या बाजूला, विहीणबाईंशेजारी जाऊन बसली, आणि बोट धक्क्यापासून सुटते न सुटते तोच तिनं बोलायला सुरुवात केली. कवळी तोंडातच होती. खट् खट् वाजत होती. आधी वाटाड्याची सगळी माहिती तिनं उलटीपालटी करून टाकली, मनोऱ्याची खरी गोष्ट सांगितली. मग विहीणबाईंच्या टोपीची चौकशी केली. मग ती त्याच्यावर आली. तो पाचवीपर्यंत अंथरूण ओलं करायचा. शेजारच्या मुलीला भिऊन जिन्याखाली लपायचा. पहिली कवळी केली ती त्यानं बशीत ठेवून तिला दाखवायला आणली आणि मांजरानं पळवली. विहीणबाई हसत होत्या. त्या मोठ्यांदा, तोंडावर हात न घेता, टोपी मागे पडेपर्यंत हसत होत्या. त्यांचं असं हसणं त्यांच्या मुलानंही बहुधा फारसं पाहिलं नसावं, कारण तो बघतच राहिला. त्या जेवणाच्या वेळीही त्या अशाच हसल्या असत्या कदाचित, पुरतं हसू दिलं असतं तर. तो पलीकडच्या बाकावर पिशव्यांच्या शेजारी बसून ऐकत होता. प्रत्येक गोष्ट संपली की तो वाट बघायचा. आता ती सांगणार. आता म्हणेल, आणि ह्यानं मला काय सांगितलं ठाऊक आहे का? त्यानं ते वाक्य तिच्या आवाजात इतक्यांदा ऐकलं की शेवटी त्याला वाटायला लागलं, म्हणून टाक एकदा. सगळ्यांसमोर म्हण. पण गोष्टीमागून गोष्ट येत होती आणि ती तेवढी येत नव्हती. पाण्याचा एक फवारा आत आला, आत्याच्या बाहीवर उडाला. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं कठडा धरला, आणि पुढचं वाक्य पुरं केलं.

"पुन्हा यायला हवं," व्याही दुर्बीण डब्यात ठेवत म्हणाले. "एका दिवसात काहीच बघून झालं नाही. पुढच्या वेळी मात्र बसनं येऊ या. पुलावरून तासाभरात आणते, असं तो वाटाड्या सांगत होता. आपण उगीच होडी केली, नाही?" त्यांनी विचारलं ते त्याला. आरोप काही नव्हता त्यात, नुसती चौकशी. बायको पिशवीत काहीतरी शोधायला लागली. विहीणबाई, त्यांच्या पद्धतीप्रमाणे, उत्तराची वाट बघत थांबल्या. "ते..." तो म्हणाला.

"अहो, त्याला गाडी लागते," आत्या म्हणाली. "लहानपणापासून. बसमध्ये चढला की ओकलाच. म्हणून होडी काढली बिचाऱ्यानं. सांगायची लाज वाटते त्याला."

लेकीनं झटकन त्याच्याकडे बघितलं. तिला ठाऊक होतं, तो रोज दोन बसगाड्या बदलून, उभ्यानं पेपर वाचत कामावर जायचा. ती नुसती बघत राहिली, आणि तिच्या नजरेत हळूहळू काहीतरी जुळत चाललेलं त्याला दिसलं. "हो," तो म्हणाला. "लागते मला."

"अगं बाई, मग सांगायचं नाही का!" विहीणबाईंनी लगेच पर्स उघडली. "माझ्याकडे गोळी असतेच. आत्तासुद्धा चेहरा किती उतरलाय तुमचा. घ्या, संकोच करू नका." त्यांनी पाकिटातून गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. जावयानं पाण्याची बाटली पुढे केली. सगळे थांबले होते, काळजीनं, आपुलकीनं. त्यानं आत्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. एका हातानं कठडा घट्ट धरून ती त्याच्याकडे बघत होती, आजाऱ्याकडे बघावं तशी.

"घे," ती म्हणाली. "जिभेखाली धरून ठेवू नकोस. गिळ."

गोळी कडू होती. ती घशाखाली उतरेपर्यंत आत्यानं नजर काढली नाही.

"गिळली?"

"गिळली," तो म्हणाला.